चार पांढऱ्या, एक जांभळी

मी जांभळी ताटली बोलतेय. नुसती ताटली म्हणून ओळख करून दिली असती, पण ज्या स्वयंपाकघरात माझं आयुष्य गेलं, तिथे रंगाशिवाय माझं नाव कुणी घेतलंच नाही. "जांभळी काढ." "जांभळीला हात लावू नकोस, आधी हात धू." माझ्याबद्दल बोलणं व्हायचं ते एवढंच.

माझा जन्म कारखान्यातला. साच्यात प्लास्टिकची पूड पडली, वरून तापलेला दाब बसला आणि दोन मिनिटांत मी गोल, गुळगुळीत होऊन बाहेर आले. पडले तरी फुटायची नाही, असं माझ्या खोक्यावर लिहिलं होतं. आम्ही सहा बहिणी एकाच खोक्यातून एका थीम पार्कच्या मोठ्या उपाहारगृहात दाखल झालो. बाहेर उंच पाळणे, पाण्यात कोसळणाऱ्या होड्या आणि दिवसभर लोकांच्या किंकाळ्या. पहिले दोन दिवस मला वाटलं, इथे रोज काहीतरी भयंकर घडतंय. मग कळलं की लोक तिकीट काढून किंचाळायला येतात.

तिथे तीनशे पांढऱ्या ताटल्या होत्या. एकीवर एक चढून बसायच्या, एकाच गरम पाण्यात धुतल्या जायच्या, दिवसभर खणखणाट. आम्ही सहा जणी मात्र वेगळ्या फळीवर. आमची घासणी वेगळी, पुसायचं फडकं वेगळं, आमच्यासाठी भाजी चिरायची सुरीसुद्धा वेगळी. कारण एखादा पदार्थ ज्याच्या अंगावर उठतो, अगदी जिवावर बेतू शकतो, अशाच पाहुण्याचं जेवण आमच्यात वाढलं जायचं. आमचं महत्त्व मला समजत होतं. तरी खरं सांगते, त्या खणखणाटात आपणही असावं असं मला फार वाटायचं. महत्त्वाचं असणं आणि कुणाचं तरी असणं यात फरक आहे.

मुख्य आचाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारत. जांभळ्या ताटलीतलं जेवण ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत आणि नेऊही देत नसत. ॲप्रन बदलून, हात धुऊन स्वतः टेबलापर्यंत यायचे, ताटली ठेवायचे आणि म्हणायचे, "हे तुमचंच. मी स्वतः केलंय." मला त्यांचा हात ओळखीचा होता. माझ्या वाट्याला आलेली माया तेवढीच.

सुट्टीवर आलेली माणसं जेवायला बसली की बघण्यासारखी असतात. पाळण्यासाठी तास-तास रांगेत उभी राहतील, पण सूप यायला दहा मिनिटं लागली की घड्याळ बघतील. डोळ्यांच्या भुकेने मागवतात आणि अर्धं टाकतात. प्रत्येक कुटुंबात नकाशा उलटा धरणारा एक जण असतो, आणि सगळ्यांचं होईपर्यंत स्वतःचा घास न घेणारं कुणीतरी असतंच.

एकदा मास्तरांनी आमच्या फळीशेजारी, भिंतीवर एक छापलेलं पत्र चिकटवलं. एका आईचं होतं. चार महिन्यांनी ते पाच जण तीन दिवसांसाठी येणार होते: ती, तिचा नवरा, दहा वर्षांची मुलगी, धाकटा मुलगा आणि तिची मोठी बहीण. मुलीला शेंगदाणे, काजू, बदाम यांतलं काहीही चालत नव्हतं. पोटात जाणं सोडाच, ओठाला लागलं तरी घसा सुजायचा. आजवर तिने बाहेर कुठेही आईच्या डब्याखेरीज काही खाल्लं नव्हतं. आईने विचारलं होतं: तेल कुठलं वापरता? तळणीचं भांडं वेगळं आहे का? पळी वेगळी आहे का? शेवटी लिहिलं होतं, "तिला एकदा तरी सगळ्यांसोबत टेबलावर बसून गरम जेवण जेवायचं आहे. होईल का?"

वाढपी हसायचे, "मास्तर, या बाई आता पाणी कुठल्या नळाचं तेही विचारतील." मास्तर म्हणाले, "विचारू देत. सांगू." आणि त्यांनी खरंच पानभर उत्तर पाठवलं. मग पुन्हा पत्र, पुन्हा उत्तर. तीन दुपारी, बारा वाजता, खिडकीजवळचं टेबल, असं ठरलं. ते चार महिने मीही वाट बघत होते.

ते आले. मास्तरांनी मला उचललं आणि माझ्यात भात, भाजलेले बटाटे, वाफवलेलं गाजर वाढलं. टेबलावर चार पांढऱ्या ताटल्या होत्या, पाचवी मी. मुलीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग इतरांच्या ताटल्यांकडे.

"माझीच का वेगळी?" तिने विचारलं.

"म्हणून तर तू बिनघोर जेवू शकतेस, राणी," आई म्हणाली.

ती जेवली. सगळं संपवलं. आईचा जीव भांड्यात पडला, आणि यावेळी ते भांडं मी होते याचा मला अभिमान वाटला. पण जेवताना मुलगी एका हाताने मला टेबलाच्या कडेकडे, स्वतःच्या पोटाशी ओढून घेत होती, कुणाला रंग दिसू नये म्हणून. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली तिच्याकडे बघून कुजबुजल्या होत्या. मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली.

मावशी हे सगळं टिपत होती. मोठी प्रेमळ आणि बोलघेवडी बाई. भाचीच्या केसांत क्लिपा लावायची, भाच्याला चिडवायची, आणि बहिणीलाही सोडायची नाही. "तू हिला काचेच्या कपाटात ठेवलंयस," ती म्हणाली. "एवढंसं काही होत नाही गं."

"ताई, एवढ्याशानेच होतं," आई म्हणाली. विषय तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मीच. तेच टेबल, गरम जेवण. मुलीने पहिला घास घेण्याआधीच धाकट्याने स्वतःच्या अंगावर सरबत सांडलं. आई त्याला घेऊन हात धुवायला गेली, बाबा कोरडे कागद आणायला उठले. टेबलावर मावशी आणि भाची उरल्या.

मुलीचा चेहरा पडला होता. "मावशी, सगळे बघतात," ती हळूच म्हणाली.

"बघतात का? थांब हं."

मावशीने स्वतःची पांढरी ताटली पुढे घेतली. तिच्यावर थोड्या वेळापूर्वी काजूच्या दाट रश्शातल्या भाज्या होत्या, त्या तिने संपवल्या होत्या. तिने कागदाने ती पुसली, पुन्हा पुसली, उजेडात धरून बघितली. चकचकीत दिसत होती. मग माझ्यातलं सगळं जेवण तिने त्या ताटलीत लोटलं आणि ती मुलीसमोर सरकवली. "घे. आता तू आमच्यासारखी."

मुलगी हसली. तिचं तसं हसणं मी आधी पाहिलं नव्हतं. तिने ताटली टेबलाच्या मधोमध ठेवली, कोपरं पसरून ऐसपैस बसली आणि घास घेतला. मग दुसरा, मग तिसरा. मी बाजूला रिकामी पडले होते. मला ओरडायचं होतं. पण ताटलीला तोंड नसतं.

आई परतली. तिने मुलीकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"ही रिकामी का?"

"अगं, मी फक्त..." मावशी म्हणाली. तेवढ्यात मुलीने ओठ चोळले. म्हणाली, "आई, खाजतंय." मग तिचा आवाज घोगरा झाला.

आईने पिशवीतून पेनासारखं इंजेक्शन काढलं, कपड्यावरूनच मुलीच्या मांडीत टोचलं आणि ते धरून मोजत राहिली. मास्तर धावत आले. पार्कची रुग्णवाहिका आली. जाताना मावशी गाडीत चढायला लागली, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "ताई, तू आता थांब." एवढंच. गाडी गेली. मावशी दाराशी उभी राहिली, हातात भाचीची टोपी घेऊन.

संध्याकाळी मास्तरांनी फोन केला. मुलीचा श्वास सुधारला होता. एक रात्र दवाखान्यात ठेवणार होते. मास्तर खुर्चीवर बसले आणि बराच वेळ ॲप्रनने डोळे पुसत राहिले.

तिसऱ्या दिवशी येणार नाही असं कुणी कळवलं नव्हतं. त्यामुळे मास्तरांनी ठरल्याप्रमाणे बाराला जेवण तयार केलं. मला वाटत होतं ती येईल. खरंच वाटत होतं. खिडकीजवळच्या टेबलावर पाच खुर्च्या होत्या. साडेबारा वाजता मावशी एकटी आली.

"ते सकाळीच परस्पर घरी गेले," ती मास्तरांना म्हणाली. "मला मुलीच्या बाबांकडून निरोप आला. टेबल लागणार नाही, ते सांगायला आले."

"ती कशी आहे?"

"बरी आहे म्हणे. माझ्याशी बोलली नाही." मग तिची नजर माझ्यावर गेली. मी वाढलेली, अजून गरम, मास्तरांच्या हातात होते. "हे तिचं?"

"तिचंच. आता टाकावं लागेल."

"टाकू नका," मावशी म्हणाली. "मला वाढा. हिच्यातच."

मास्तरांनी दोनदा विचारलं. मग त्यांनी मला टेबलापर्यंत नेलं, पण "हे तुमचंच" असं काही म्हणाले नाहीत.

पाच खुर्च्यांच्या टेबलावर ती एकटी बसली. पाणी घालायला आलेल्या वाढप्याने विचारलं, "तुम्हाला कशाचा त्रास होतो, बाई?" ती म्हणाली, "कशाचाच नाही." तो गोंधळला. पलीकडच्या टेबलावरचा एक मुलगा आपल्या बापाला विचारत होता, "त्यांची ताटली तशी का?" बापाने त्याला गप्प केलं आणि स्वतः मात्र वळून बघितलं. मावशीने नकळत मला टेबलाच्या कडेला, पोटाशी ओढलं. ओढलं आणि थांबली.

"खरंच बघतात गं," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, ते तिथे फक्त मलाच कळलं. भात गार होईपर्यंत ती बसून होती. शेवटी तिने तो सगळा खाल्ला, रडत रडत.

त्यानंतर कुटुंबं आली आणि गेली. आता पार्कने नियम बदललाय: असं जेवण बंद डब्यात येतं, झाकणावर चिठ्ठी लावून. तो डबा पाहुण्याने स्वतः उघडायचा, खाऊन फेकून द्यायचा. मास्तर निवृत्त झाले. माझ्या बहिणी कुठल्याशा खोक्यात गेल्या. मी स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत ओल्या साबणाखाली असते. दिवसातून दोनदा कुणीतरी साबण उचलतं आणि पुन्हा ठेवतं. माझा रंगही आता कुणाला खटकत नाही.

मला त्या मावशीचा राग येत नाही. तिला मुलीचं एकटेपण दिसलं, ते तर माझ्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? फक्त तिने औषध चुकीचं निवडलं. म्हणून तुम्हाला एक विनवणी करते. तुमच्या टेबलावर कुणाची ताटली वेगळी असेल, तर ती बदलू नका. तिला वेगळीच राहू द्या, ती वेगळी आहे म्हणूनच ते लेकरू जेवतंय. तुम्ही फक्त तुमची खुर्ची उचला आणि त्याच्याजवळ जाऊन बसा.