आमच्या दारापुढचा थांबा

माझी नात दहा वर्षांची. घरात सगळे तिला भिंगरीच म्हणतात. यंदाच्या सुट्टीत चित्रकलेच्या बाईंनी मुलांना कागद-रंग दिलेच नाहीत. म्हणाल्या, "यंदा चित्र काढायचं नाही, दाखवायचं." मुलांनी आपला मोहल्ला माणसांना फिरवून दाखवायचा, हीच त्यांची कला. त्यासाठी पुठ्ठ्याची मोठी चौकट कापली. पुढे चालणाऱ्याने ती धरायची, थांब्यावर उंच करायची आणि तिच्यातून जे दिसेल त्याची गोष्ट सांगायची. नियम मुलांचाच: स्वतः पाहिलेलंच सांगायचं. खोटं बोलेल त्याच्या हातून चौकट जाईल.

पहिल्या रविवारी वीसेक माणसं जमली. मीही गेले. न्हाव्याचा तडकलेला आरसा झाला, मग किल्लीवाल्याची पेटी, जिला कुलूपच नाही. "चोर आला तर किल्ल्याच नेईल की," किल्लीवाला म्हणाला, "मग कुलूप शोधत फिरेल जन्मभर." सगळ्यांबरोबर मीही हसले. माझ्या शेजारून इस्त्रीवाली चालली होती, डावा पाय जरा ओढत.

मग भिंगरीने आमच्या जिन्याखाली येऊन चौकट माझ्याच दारासमोर धरली.

"इथे माझी आजी राहते. रोज सकाळी तिचं मौन असतं. जप पुरा होईपर्यंत ती बोलत नाही, दार उघडत नाही. कुणीही येवो. मी पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी इस्त्रीवाली मावशी या जिन्यावरून पडली. 'काकू, दार उघडा' म्हणून हाका मारत होती. मी धावले, तर आजीने ओठांवर बोट ठेवून मला खाली बसवलं. स्वतः जागची हलली नाही. एवढं कुणाला जमतं?"

पोरीच्या आवाजात केवढा अभिमान होता.

इस्त्रीवालीने माझ्याकडे पाहिलं. ती दवाखान्यात होती तेव्हा मी तिला सांगितलं होतं, "अगं, मी नेमकी बाहेर गेले होते." आणि पाय प्लास्टरमध्ये असताना तिनेच माझा हात थोपटला होता. "तुमचा काय दोष, काकू."

"पोरीची काहीतरी गल्लत होतेय," मी म्हणाले. "त्या दिवशी मी घरात नव्हतेच."

माझा आवाज हळू आहे. हळू बोलणाऱ्या बाईवर लोकांचा विश्वास चटकन बसतो.

किल्लीवाल्याची मुलगी भिंगरीहून वर्षाने मोठी. ती म्हणाली, "नियम म्हणजे नियम." भिंगरीने मुकाट्याने चौकट तिच्या हातात दिली.

घरी आल्यावर तिने विचारलं, "आजी, त्या दिवशी जपाआधी तू मला दुधात बुडवून पाव दिला होतास ना? मी तो हातात धरून बसले होते."

"स्वप्न पडलं असेल, बाळा."

त्या आठवड्यात मुलं तिला थापाडी म्हणू लागली. ते तिने सोसलं. पण मंगळवारी तिने मला विचारलं, "आज मंगळवारच आहे ना?" बुधवारी विचारलं, "मी आत्ता जेवले का गं?" विनोद नव्हता तो. स्वतःच्या डोळ्यांवरचा तिचा भरवसा उडाला होता, आणि तो मी उडवला होता. पहाटे जपाला बसले की ओठांवर देवाचं नाव आणि पोटात ते खोटं. मोजणी चुकायची, पुन्हा पहिल्यापासून. एरवी अर्ध्या तासात होणाऱ्या जपाला दीड तास लागू लागला.

पुढच्या रविवारी मी इस्त्रीवालीच्या टपरीवर गेले. "इस्त्री उभी कर आणि चल," म्हणाले. भिंगरीचा हात धरून तिलाही ओढत आणलं. किल्लीवाल्याची मुलगी माणसांना घेऊन आमचं दार वगळून पुढे निघाली होती.

"थांब गं," मी म्हणाले. "भिंगरी खरं बोलली. मी आत होते. हाका ऐकू येत होत्या मला."

इस्त्रीवालीने पदर सारखा केला.

"जप किती राहिला होता, काकू?"

"पाच मिनिटांचा."

"मी अर्धा तास पडले होते. पोस्टमनने उचललं मला."

"हो."

"मग पाच मिनिटांनंतर?"

हे मी स्वतःलाही कधी विचारू दिलं नव्हतं. "नंतर लाज वाटली," मी म्हणाले. "दार उघडलं असतं तर आधी का नाही उघडलं, ते सांगावं लागलं असतं. मौन सुटलं होतं. मी नुसतीच बसून राहिले. देवाचं त्यात काही नव्हतं."

तिने जिन्याकडे पाहिलं. "व्रताचं मी समजून घेतलं असतं. माझी आईही उपास मोडायची नाही, ताप असला तरी. पण हे जड आहे, काकू." मग म्हणाली, "कपडे पडलेत तिकडे. तुमच्या चादरी परवा पाठवून देते. तुम्ही येऊ नका घ्यायला." आणि भिंतीला हात लावत निघून गेली.

किल्लीवाल्याच्या मुलीने चौकट पुढे केली. भिंगरीने लगेच घेतली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "आजी, आता सगळं सांगायचं का? नंतरचं पण?"

"सगळं."

तिने चौकट उचलली. मी दाराला टेकून उभी होते, म्हणजे चौकटीत मीच. मान खाली घालावीशी वाटत होती. पण मग लोकांना काय दिसलं असतं, नुसते पांढरे केस. मी समोर पाहत राहिले, आणि पोरीने पहिल्यापासून सुरुवात केली.