अकराचे चाळीस

हे कुणाला पटणार नाही. माझ्या सख्ख्या बायकोलाही पटलं नाही, आणि तिचा तर माझ्यावर विश्वास आहे, असं ती पाहुण्यांसमोर म्हणते. पण शाळेचा शिपाई मी होतो, घंटा आणि किल्ल्या माझ्या हातात होत्या, तेव्हा खरं काय ते मलाच ठाऊक. परवा न्हाव्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या पुन्हा सांगायला घेतलं. बाकावर गवंडी आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत होता, त्यालाही ऐकवलं.

त्या साली वरून हुकूम आला: पटावर चाळीस पोरं नसतील तर शाळेला कुलूप. आमच्याकडे होती अकरा. कुलूप लागलं असतं तर अकराही जणांना टेकडी ओलांडून पलीकडच्या शाळेत पायपीट करावी लागली असती, आणि त्यात माझी पहिलीतली नात, पावलं एवढी एवढीशी. बाईंनी डोक्याला हात लावला. मी त्यांना म्हटलं, पोरं कमी असतील, पण खिडक्या कमी नाहीत.

मोजणीला साहेब आले. पहिल्या खोलीत त्यांनी अकरा डोकी मोजली आणि तेरा सत्ते किती म्हणून विचारलं. अकराही डोकी खाली गेली. बाई छताकडे बघू लागल्या. शेवटी साहेबांनीच वैतागून सांगितलं, एक्क्याण्णव.

तिथून निघालो ते दुसऱ्या खोलीच्या दाराशी. कुलूप मीच घातलेलं. किल्ली सापडत नाही असं सोंग करून मी सगळे खिसे चाचपले, शर्टाला नव्हते तेसुद्धा. तेवढ्यात मागच्या बाजूला पोरं या खिडकीतून बाहेर, त्या खिडकीतून आत, धपाधप पडत होती. सगळ्यात शेवटी ढोल्या. त्याचा धप काही लपायचा नाही. तो ऐकला की मला किल्ली सापडायची.

आत पुन्हा अकरा. साहेबांनी पुन्हा तेरा सत्ते विचारलं आणि पोरं एका सुरात एक्क्याण्णव म्हणाली. साहेब खूश. पण ढोल्याकडे बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. हा मघाशी तिकडे नव्हता का, असं त्यांनी विचारलं. तो याचा जुळा भाऊ, मी सांगून टाकलं.

तिसऱ्या खोलीत तर साहेबांनी तोंड उघडायच्या आधीच उत्तर आलं. या शाळेची गुणवत्ता खोलीगणिक वाढत चाललीय, असं ते बाईंना म्हणाले. मग त्यांना ढोल्या दिसला.

"तिळं होतं, साहेब," मी म्हटलं. "आईचे फार हाल झाले."

साहेब हळहळले. माऊलीला माझा नमस्कार सांगा म्हणाले.

गवंडी पोट धरून हसत होता, पण त्याचा हिशेब कधी चुकत नाही. डोळे पुसत तो म्हणाला, "मामा, अकरा त्रिक तेहतीस. सात कमीच पडले की. मग शाळा वाचली कशी?"

"वाचणार नाही तर काय," मी म्हटलं. "साहेबांना घेऊन चौथ्या खोलीकडे..."

न्हाव्याचा वस्तरा माझ्या गालावर थांबला.

"मामा, माझी पोरगी रोज जाते त्या शाळेत," तो म्हणाला. "खोल्या दोनच आहेत. तिसरीला मी गप्प बसलो होतो."