अण्णांच्या पंचाहत्तरीची सफर

बोटीची तिकिटं काढली तेव्हा मेघना आणि पुष्करचं वेगळं व्हायचं ठरलेलं नव्हतं. बोट सुटायची वेळ आली तोवर ते वकिलाकडे जाऊन आले होते.

भांडण असं कधी झालंच नव्हतं. लग्नानंतर मूल व्हावं म्हणून काही वर्षं दवाखान्यांत गेली. मग ते बंद केलं, आणि ते बंद केल्यावर दोघांकडे बोलायला काही उरलं नाही. मेघनाच्या माहेराजवळ, डिलाईल रोडवरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोघं आपापल्या वेळेला यायची, आपापल्या वेळेला जेवायची. एका रविवारी पंखा पुसता पुसता पुष्कर म्हणाला, "आपण हे थांबवायचं का?" मेघना खाली स्टूल धरून उभी होती. "हो, थांबवू," ती म्हणाली. त्याच्या हातातलं फडकं घेऊन तिने बादलीत पिळलं आणि पुन्हा त्याला दिलं.

राहिलं गिरगावात सांगायचं. तिथे पुष्करचे आईवडील, लतिका आणि गंगाधर. गंगाधरना घरात सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांची नोकरी बंदराच्या कचेरीत, कारकुनाची. उभा जन्म बोटींचे कागद हाताळण्यात गेला, पण स्वतः ते कधी एलिफंटाच्या लाँचपलीकडे गेले नव्हते. पंचाहत्तरीला काय हवं असं पुष्करने विचारलं तेव्हा अण्णा आधी काही नको म्हणाले, आणि मग जेवून हात धुताना म्हणाले, "ती लक्षद्वीपला बोट जाते म्हणे हल्ली. मुंबईहून."

"ट्रिप होऊ दे," पुष्कर मेघनाला म्हणाला. "परत आलो की सांगू."

"चालेल."

तिने रजा टाकली. अण्णांसाठी टोपी घेतली, सासूबाईंसाठी उलटीच्या गोळ्या घेतल्या, बॅगा भरल्या. आपण सगळं नीट करतोय हे तिला दिसत होतं. करताना वाटत मात्र काहीच नव्हतं.

निघायच्या दिवशी तिच्या आईचा फोन आला. आईला सगळं ठाऊक होतं. "काय गो, बरी आसस मां?" आईने विचारलं.

"बरी आहे आये."

"मगे कित्याक जातंस तेंच्याबरोबर?"

"अण्णांचा वाढदिवस आहे," मेघना म्हणाली.

टर्मिनलवर अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. आत शिरताना ते सुरक्षारक्षकाला म्हणाले, "मी इथेच होतो कामाला. तेव्हा हे असं नव्हतं." त्याने मान हलवली आणि त्यांचा पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितला. पुढे बोटीचा फोटोग्राफर उभा होता. प्रत्येक कुटुंबाला तो एका खोट्या सुकाणूच्या चाकामागे उभं करत होता. "सर, मॅडम के थोडा पास आइए," तो पुष्करला म्हणाला. पुष्कर सरकला. त्याचा हात मेघनाच्या पाठीमागे आला, पण टेकला नाही. फोटो निघाला.

केबिनमध्ये सामान ठेवायला आलेला माणूस हसतमुख होता. दोन पलंग जोडून त्यावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. "बेड जॉइंट रखूँ या अलग करूँ?" त्याने विचारलं. पुष्कर गोल खिडकीतून बाहेर बघत राहिला.

"अलग कर दीजिए," मेघना म्हणाली. "मेरी पीठ में दर्द रहता है."

त्याने हंस उचलून खुर्चीवर ठेवला, पलंग ओढून दोन भिंतींना लावले आणि मधे छोटं टेबल सरकवलं. तो गेल्यावर पुष्कर म्हणाला, "थँक्स." ती म्हणाली, "कोणता घेतोस?"

संध्याकाळी बोट सुटली तेव्हा चौघं वरच्या डेकवर होती. अण्णा कठड्याला धरून उभे होते आणि एकेक गोष्ट दाखवत होते. ती बघ क्रेन, ते कुलाब्याचं टोक, ते प्रॉन्ग्सचं दीपगृह. सासूबाई म्हणाल्या, "अहो, ते दीपगृह नाही, तो टॉवर आहे कुठलासा." अण्णांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "असेल," ते म्हणाले आणि पुढचं दाखवू लागले. सूर्य पाण्यात उतरला, लोकांनी फोन वर धरले, कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"कसं आहे?" अण्णांनी मेघनाला विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली. ते छान होतं. पाण्यावर लांबच लांब केशरी पट्टा पडला होता आणि वारा बरा होता. एखाद्या दुकानातल्या टीव्हीवरचं चित्र काचेबाहेरून बघावं तसं ती ते बघत होती.

दुसरा दिवस नुसत्या पाण्याचा गेला. अण्णा सकाळपासून बोटभर फिरले. इंजिनाजवळ जाऊ देत नाहीत म्हणून थोडे रुसले, मग एका गुजराती कुटुंबाबरोबर हाउजी खेळायला बसले आणि एक ओळ जिंकून आले. जेवताना त्यांनी पुष्करला सगळं सविस्तर सांगितलं. पुष्कर "हो का" म्हणत होता. मेघना अण्णांच्या ताटात कोशिंबीर वाढत होती. सासूबाई मात्र जेवल्या नाहीत. त्यांना मळमळत होतं.

"गोळी आहे माझ्याकडे," मेघना म्हणाली. "केबिनमध्ये आहे, आणते."

"चल, मीच येते. जरा चालल्यावर बरं वाटेल."

सासूबाई केबिनमध्ये आल्या आणि मेघना बॅगेत गोळ्या शोधत असताना दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी एका भिंतीचा पलंग पाहिला, दुसऱ्या भिंतीचा पलंग पाहिला, मधलं टेबल पाहिलं. टेबलावर दोन पाण्याच्या बाटल्या दोन कडांना होत्या. गोळी घेऊन त्या निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अगत्ती बेट दिसलं. छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेणार होते. अण्णांनी हाफपँट घातली होती. मेघनाने त्यांचे ते बारीक, पांढरे पाय पहिल्यांदाच पाहिले. पायाला त्यांनी न विचारता तिच्या बाटलीतलं सनस्क्रीन चोपडलं होतं. सगळे रांगेत असतानाच घोषणा झाली. समुद्राला उसळ फार आहे, होड्या लावणं सुरक्षित नाही, आज कुणालाच उतरता येणार नाही. लोक चिडले. एकजण मॅनेजरला बोलवा म्हणून ओरडू लागला. पुष्कर म्हणाला, "अण्णा, सॉरी."

"तू कशाला सॉरी? समुद्र काय तू हलवतोयस?" अण्णा म्हणाले. ते कठड्याशी गेले. समोर माडांची हिरवी रेघ होती, खाली वाळूची पांढरी रेघ, आणि अलीकडे पाणी इतकं निळं की रंग दिल्यासारखं. "दिसलं ना? झालं तर," ते म्हणाले आणि तिथेच खुर्ची ओढून बसले.

बोट थांबल्यावर जास्तच हलत होती. दुपारी सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या. बोटीवरच्या डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि पडून राहायला सांगितलं. मेघना त्यांच्या केबिनमध्ये थांबली. ती कागदी पिशव्या धरत होती, ओल्या नॅपकिनने तोंड पुसत होती, पाण्याचे घोट देत होती. लग्न होऊन ती आधी गिरगावात आली तेव्हा याच बाई तिला डिलाईल रोडच्या चाळीतली मुलगी म्हणून जरा अंतरावर ठेवायच्या. मग कधीतरी ते अंतर गेलं. कधी गेलं ते तिला आठवेना.

इंजेक्शनने जरा उतार पडला. सासूबाई डोळे मिटून म्हणाल्या, "तुमच्या पलंगांच्या मधे टेबल आहे."

मेघनाने नॅपकिन पुन्हा ओला करून घेतला.

"पाठ दुखतेय म्हणून, असं पुष्कर म्हणाला. मी विचारलं त्याला. तुझी पाठ दुखत असती तर मला कळलं असतं."

"आई," मेघना म्हणाली, "आम्ही वेगळं होतोय. कागद तयार आहेत. परत गेल्यावर सांगणार होतो."

हे सांगताना आपला आवाज फाटेल असं तिला वाटलं होतं. तो ऑफिसात तारीख पुढे ढकलल्याचं सांगावं इतका सरळ आला.

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. त्या म्हणाल्या, "त्याचं दुसरं काही?"

"नाही. माझंही नाही. काहीच नाही."

"काहीच नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि मग घाईने, "पिशवी दे, पिशवी दे." मेघनाने पिशवी धरली. सासूबाईंनी एका हाताने पिशवी आणि दुसऱ्या हाताने तिचं मनगट धरलं. उलटी झाल्यावरही ते मनगट त्यांनी सोडलं नाही. तसंच धरून त्या झोपल्या. मेघनाचा हात बधिर होईपर्यंत ती हलली नाही.

संध्याकाळी अण्णांचा केक होता. सासूबाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने, पण साडी नेसून आल्या. वेटर लोकांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं, शेजारच्या टेबलावरच्या गुजराती कुटुंबानेही साथ दिली. अण्णा खुशीत होते. फुंकर मारून झाल्यावर त्यांनी पाण्याचा पेला वर उचलला.

"आता पुढच्या वर्षी अंदमान," ते म्हणाले. "आपण चौघं. तिकडे तरी उतरू देतील."

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू," सासूबाई म्हणाल्या.

"का? मेघनाला रजा मिळेल. काय गं?"

मेघनाने तोंड उघडलं. काय म्हणायचं ते ठरलेलं होतं: हो अण्णा, बघू. तेवढ्यात पुष्कर म्हणाला, "अण्णा, मेघना नसेल."

"रजा नाही?"

"तसं नाही. आम्ही वेगळे होतोय."

हे बोलल्यावर पुष्कर स्वतःच दचकल्यासारखा दिसला. त्याने मेघनाकडे पाहिलं. कित्येक महिन्यांत त्याने तिच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. सासूबाईंनी रुमाल तोंडाला लावला. गुजराती आजोबांनी लांबूनच अंगठा दाखवून अण्णांचं पुन्हा अभिनंदन केलं, आणि अण्णांनी त्यांना हात जोडले.

मग त्यांनी सुरी घेतली. केकचे चार तुकडे केले. साखरेचं फूल असलेला तुकडा त्यांनी मेघनाच्या बशीत ठेवला, बाकीचे सगळ्यांना दिले आणि स्वतःचा न खाता उठले. "मी जरा वर जातो," ते म्हणाले. पुष्कर उठायला लागला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बस तू. जाऊ दे त्यांना एकट्याला."

तिघं बसून राहिली. फूल गोड होतं. मेघनाने ते संपवलं.

परतीच्या दिवशी अण्णा कुणाशी फारसे बोलले नाहीत. हाउजीला बोलावणं आलं तर डोकं दुखतंय म्हणाले. दुपारी मेघना डेकवर गेली तर ते टोपी मांडीवर ठेवून बसले होते. तिने शेजारची खुर्ची घेतली.

"माझ्यासाठी थांबला होतात तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नको होतं थांबायला." ते पाण्याकडे बघत होते. "तुमचं हे असं चाललेलं, आणि मी आपला हाउजी खेळतोय. क्रेन दाखवतोय. मला कुणी सांगितलं असतं तर मी जरा गप्प बसलो असतो."

"तुम्ही गप्प बसू नये म्हणूनच नाही सांगितलं अण्णा."

त्यांनी मान हलवली. आता आपल्याला रडू येईल असं मेघनाला वाटलं. तिने वाट पाहिली. ते आलं नाही. वाऱ्याने अण्णांची टोपी उडाली, ती तिने दोन खुर्च्या पलीकडून आणून दिली.

मुंबई आली तेव्हा धुरकट होती, किनाऱ्यावरच्या इमारती एकमेकींत मिसळलेल्या. टर्मिनलबाहेर पुष्करने आईवडिलांसाठी टॅक्सी थांबवली. सासूबाई बसल्या, मग काच खाली करून म्हणाल्या, "पोचलीस की फोन कर." अण्णा पुढे ड्रायव्हरजवळ बसले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पुष्कर आणि मेघना दुसऱ्या टॅक्सीने डिलाईल रोडला आले. वाटेत पुष्कर म्हणाला, "मी ठरवून नाही बोललो." ती म्हणाली, "माहितीये."

कोर्टाचं काम वेळेत झालं. मेघनाने परळला, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, एक खोली-किचन भाड्याने घेतलं. ऑफिस, घर, रविवारी आईकडे. सासूबाईंचा फोन एकदोनदा आला, इकडचं तिकडचं बोलल्या. अण्णांचा आला नाही.

पुढे मे महिन्यात एका शनिवारी ती घरून काम करत असताना बेल वाजली. दारात अण्णा होते, घामाने भिजलेले, हातात हापूसची छोटी पेटी.

"सहज आलो," ते म्हणाले. "बसने. उतरून जरा चालावं लागलं."

तिने पाणी दिलं, पंखा वाढवला. आंबे गवतातून काढून तिने टेबलाखाली मांडून ठेवले. अण्णांनी खोली बघितली, खिडकीतून खाली बघितलं, "उजेड चांगला आहे," म्हणाले. पुष्करचं नाव त्यांनी काढलं नाही, तिनेही नाही. चहा झाला. तिची ऑफिसची मीटिंग सुरू व्हायची होती, तसं तिने सांगितलं. "तू कर, तू कर," म्हणत ते खुर्चीत मागे टेकले. ती लॅपटॉप घेऊन किचनच्या ओट्यापाशी गेली. मधेच डोकावून पाहिलं तर अण्णा तोंड किंचित उघडं ठेवून झोपले होते.

तिने पडदा ओढला. उरलेलं बोलणं हळू आवाजात उरकलं. मग बराच वेळ समोरच्या स्टुलावर बसून राहिली.

ऊन उतरल्यावर अण्णा जागे झाले आणि गडबडले. "किती वाजले? हिला सांगून नाही आलो मी."

मेघनाने गिरगावला फोन लावला. "आई, अण्णा इथे आहेत माझ्याकडे."

पलीकडे गिरगावातल्या रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला.

"बरं," सासूबाई म्हणाल्या. "जेवायला घालून पाठव त्यांना."

मेघनाने तांदळाचा डबा उघडला आणि दोघांपुरते तांदूळ धुवायला घेतले.