चार काळी बिले

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्हाला तोंड आहे, पण बोलता येत नाही. पोटात सतत निखारे आहेत. पुढून येईल ते गिळायचे आणि मागून बाहेर टाकायचे, एवढेच तुमचे काम. झाली कल्पना? मग तुम्ही आता माझ्या जागी आहात.

मी एक जुने लॅमिनेशनचे यंत्र आहे. कारखान्यात माझ्या पोटात दोन रबरी रूळ बसवले, ते तापवायची सोय केली आणि माझ्या मालकाने, ज्यांना सगळे मामा म्हणतात, मला आपल्या झेरॉक्सच्या दुकानात आणले. सुरुवातीचे दिवस मोठ्या मानाचे होते. निकाल लागला की आईवडील पहिल्या नंबरांची प्रमाणपत्रे घेऊन येत. "जरा जपून हं!" म्हणत. मी ती प्लॅस्टिकमध्ये घालून गुळगुळीत करून देई. आता झाकणाला तडा गेला आहे आणि माझ्यावर चहाचे कप ठेवतात.

मामांच्या भाचीची गुणपत्रिका मात्र माझ्या पोटात कधी गेली नाही. तिला सगळे बिट्टी म्हणतात. ती काठावर पास झाली होती. "असले गुण टिकवून काय लोणचं घालायचंय?" असे ती म्हणे.

बिट्टीला हिशेबाचे काम करायचे होते. ती घराजवळच्या साध्या कॉलेजात शिकली आणि संध्याकाळच्या वर्गाला जाऊन संगणकावर हिशेब ठेवायला शिकली. मग अर्ज करता करता चपला झिजल्या. जिथे जावे तिथे पहिला प्रश्न, "टक्के किती?" दुसरा, "कॉलेज कुठलं?" तिसरा प्रश्न कुणी विचारतच नसे. परत आली की ती पिशवी माझ्या झाकणावर आदळायची.

"मामा, अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही! मी करू तरी काय?"

"आधी जेवून घे," मामा म्हणायचे. मलाही संताप यायचा. पण माझ्या संतापाने काय होणार? फार तर रूळ जरा जास्त तापणार.

शेवटी समोरच्या हिशेबाच्या कार्यालयातल्या बाईंनी तिला महिनाभर पारखून बघायचे ठरवले. त्या मालट्रकवाल्यांचे हिशेब ठेवत. डिझेलची बिले तारखेप्रमाणे लावायची, हे बिट्टीचे काम. ती बिले चकचकीत कागदाची असतात आणि त्यांवरची अक्षरे हळूहळू पुसट होतात. बिट्टीला वाटले, ही टिकवली पाहिजेत. तिला ते कुणी सांगितले नव्हते. कुणी न सांगता काहीतरी चांगले करून दाखवायची तिला घाई झाली होती.

दुपारी मामा जेवायला गेले असताना ती गठ्ठा घेऊन आली. वरची चार बिले तिने प्लॅस्टिकमध्ये नीट मांडली आणि माझ्या तोंडात सरकवली.

मित्रांनो, त्या कागदावर शाई नसतेच. अक्षरे उष्णतेनेच उमटवलेली असतात. सगळीकडून ऊब लागली की सगळा कागदच काळा होतो. मला हे ठाऊक होते. मला ओरडायचे होते! पण मला गिळण्यापलीकडे काही येत नाही. मागून कोळशासारखी काळी चार बिले बाहेर आली.

"अगं भवाने, विचारायचं तरी!" दारात आलेले मामा म्हणाले. "जाऊ दे, टाक ते कचऱ्यात. एवढ्या ढिगात चार बिलं कोण शोधतंय?"

तेवढ्यात बाईच प्रती काढायला दुकानात आल्या. मामांनी तो काळा तुकडा वर्तमानपत्राखाली ढकलला आणि डोळ्यांनी बिट्टीला गप्प राहायला सांगितले. बिट्टीने तो बाहेर ओढला.

"बाई, ही चार बिलं माझ्या हातून जळाली. टिकावीत म्हणून लॅमिनेट करायला गेले."

बाईंनी तुकडा उलटसुलट पाहिला. "गुण न बघता माणूस घेतलं की हे असं होतं."

बिट्टीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "गुण कमी पडले ते परीक्षेत, बाई. चूक झाली ती आज. दोन्ही एकाच खात्यात कशाला घालता?"

"संपलं!" मामांनी कपाळाला हात लावला.

बाईंनी तुकडा माझ्या झाकणावर ठेवला. "तोंड बरंच चालतं तुझं. पंपावर दुसरी प्रत मिळते, पण गाडीचा नंबर आणि तारखा द्याव्या लागतात. आहेत का तारखा?"

"गठ्ठा एकाच गाडीचा आहे, तारखेनं लावलाय. ही गाडी रोज डिझेल भरते. कुठल्या तारखा नाहीत ते बघते."

"संध्याकाळपर्यंत प्रती आण. नाही मिळाल्या तर उद्या येऊ नकोस."

मित्रांनो, माझे एक ऐका. माझ्या पोटात काही घालण्याआधी जाणत्याला विचारा. आणि माझ्यातून गेलेला कागद पुन्हा बदलत नाही, हेही ध्यानात ठेवा. कागदाचे ते ठीक आहे. माणसांना असे बंद करू नका.

बिट्टीने गठ्ठा चाळला. लिहायला तिला कागद सापडेना. तिने पिशवीत हात घातला. अर्जांना जोडायला काढलेल्या तिच्या गुणपत्रिकेच्या प्रती तिथे तशाच पडून होत्या. एक प्रत तिने माझ्या झाकणावर पालथी घातली, मागच्या कोऱ्या बाजूवर गाडीचा नंबर आणि चार तारखा लिहिल्या, घडी करून खिशात कोंबली आणि मामांच्या सायकलचे स्टँड लाथेने वर केले.