पुलावरचा झोन्दा

पुलावर उभ्या असलेल्या झोन्दाच्या पायाशी त्या दुपारी सात सफरचंदं होती. संगणकावरच्या या खेळातली जमीन चौकोनांची आहे आणि एका चौकोनात एकच वस्तू मावते, त्यामुळे सफरचंदांचा ढीग होत नसे. ती त्याच्याभोवती सुटी सुटी, मांडून ठेवल्यासारखी दिसत. जमिनीवर टाकलेली वस्तू अर्ध्या तासाने नाहीशी होते. म्हणजे गेल्या अर्ध्या तासात सात जण तिथून गेले होते, किंवा एकच माणूस सात वेळा. पडद्यासमोर बसलेल्या मारिएलने दोन्ही शक्यता मनात धरल्या. खेळात त्या वेळी एकूण एकतीस माणसं होती.

सफरचंद न ठेवता पूल ओलांडला तर पलीकडच्या किल्ल्यात मरण ठरलेलं, असा खेळणाऱ्यांचा समज होता. तो कुणी पसरवला कुणास ठाऊक. झोन्दा कोण, हेही आता दोघातिघांनाच माहीत होतं. तो हलत नसे, वार केला तरी उलटत नसे. त्याच्या डोक्यावर एकच शब्द तरंगत असे : आलोच.

"काटकुळे, आज तरी हो म्हणणार आहेस का?" रोकेने येर्बाच्या कडू चहाचं भांडं तिच्यापुढे सरकवलं. सायकल दुरुस्तीचं दुकान बंद करून दर रविवारी दुपारी तो तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसे. "पुसणी करू म्हणून लोक चार वर्षं मागे लागलेत."

"बघू."

"बघू, बघू! अख्ख्या रोसारिओला पाणी तपासून देतेस, पण तुझ्या एका 'हो'ची तपासणी काही संपत नाही."

"टकल्या, पाणी ओत. गार झालंय."

पुसणी म्हणजे सगळं जग पहिल्या दिवसावर आणणं. दोनतीन वर्षांनी असे खेळ पुसावेच लागतात. जुने खेळाडू इतके बलाढ्य होऊन बसतात की नव्या माणसाला गावाच्या वेशीबाहेर पाऊल टाकता येत नाही. तो दोनदा मरतो आणि परत येत नाही. पुसल्यावर सगळे सारखे : हातात लाकडी दांडकं, अंगात फाटका सदरा. मारिएलने पुसणी केली नव्हती म्हणून तिच्या खेळातले तीनशेचे एकतीस झाले होते. आणि केली नव्हती, कारण पुसणीत झोन्दाही गेला असता.

झोन्दा हे गास्तोनचं खेळातलं पात्र होतं. विद्यापीठात असताना तिघांनी मिळून हे जग उभं केलं. आज्ञावली मारिएलने लिहिली, नकाशे गास्तोनने काढले आणि लोकांची भांडणं सोडवायचं काम रोकेकडे आलं. अकरा वर्षांपूर्वी गास्तोनला स्पेनमध्ये, व्हिगोला नोकरी मिळाली. 'चल' म्हणाला. ती म्हणाली, 'बघू.' घरात बोलणं निघालं की आवाज चढत, म्हणून शेवटचं बोलायला दोघं पुलावर भेटले; ती याच खुर्चीवरून, तो बसस्थानकाजवळच्या सायबर कॅफेमधून. दुपारचे चार वाजले होते. 'जाऊ नकोस म्हटलं तर?' असं तिने लिहिलं. त्याने लिहिलं, 'आलोच.' तेवढ्यात तिकडची वीज गेली.

खेळातला प्रत्येक जण आपल्या पडद्यावर जे बघतो तो फक्त अंदाज असतो. कोण कुठे आहे, कोण जिवंत आहे, हे एकच यंत्र ठरवतं. सेकंदाला पंचवीस वेळा सगळं मोजतं आणि सगळ्यांना कळवतं. निरोप न घेता कुणी तुटलं तर ते यंत्र दहा सेकंद वाट बघतं आणि त्याचं शरीर उचलतं. यंत्र मारिएलच्या धुण्याच्या खोलीत होतं. तिने झोन्दापुरता तो दहा सेकंदांचा नियम काढून टाकला. यंत्र बंद करून पुन्हा लावलं तरी तो पुलावरच उभा राहील, अशी सोय केली. उद्या पूर्ववत करू, असं तिने तेव्हा ठरवलं होतं.

गास्तोन गेला. त्याचा फोन आला नाही. तिनेही केला नाही. 'आलोच' तो म्हणाला होता, ती नव्हे.

"बरं, निदान जुन्या फायली तरी उडव," रोके म्हणाला. "डिस्क भरलीय. मघाशी दोघं वाटेत अडकून पडले, मला शिव्या घालतायत."

मारिएलने जुन्या नोंदींचा कप्पा उघडला. न बघता काही फेकायचं नाही, ही तिची प्रयोगशाळेतली सवय. चिठ्ठी वाचल्याशिवाय ती बाटली रिकामी करत नसे. एक फाइल प्रवेश नाकारलेल्यांची होती. चुकीचे परवलीचे शब्द, हाकललेले लबाड, हजारो ओळी. ती वर्षानुवर्षं कुणी उघडली नव्हती. मारिएल ती खाली सरकवत गेली आणि थांबली.

झोन्दा. नाकारलं. कारण : पात्र आधीच खेळात आहे.

तारीख गास्तोन गेल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाची. खाली पुन्हा तेच. तिने शोधून मोजलं : चौदा वेळा, दोन महिन्यांत. पत्ता व्हिगोचा. वेळ दर खेपेला रोसारिओच्या दुपारी चारची.

"रोके."

तिचा स्वर ऐकून तो उठून मागे येऊन उभा राहिला. त्याने चष्मा लावून वाचलं.

"एका पात्राला एकदाच आत येता येतं," ती म्हणाली. "मी त्याला आत धरून ठेवलं होतं. म्हणून तो बाहेरून येऊ शकला नाही."

"पण कारण लिहिलंय की. त्याला कळलं असेल."

"कारण फक्त या फायलीत येतं. त्याच्या पडद्यावर दोनच शब्द दिसले असणार. प्रवेश नाकारला."

रोकेने चष्मा काढून ठेवला. मग हळूच म्हणाला, "त्याला वाटलं असेल, तू हाकललंस."

"मी दारातच बसले होते रे."

"हो. आतून कडी लावून."

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर तिला राग आला असता. तिने खिडकीबाहेर पाहिलं. पाराना नदीतल्या बेटांवर गवत पेटलं होतं. कठड्यावर राखेचे बारीक कण बसले होते. आज सकाळीच तिने तो कठडा पुसला होता.

"चौदा वेळा," ती म्हणाली. "मी एकदासुद्धा फोन केला नाही."

"आता कर."

"अकरा वर्षांनी काय सांगू? सर्व्हरमध्ये चूक होती?"

"चूक होती, एवढं सांग. सर्व्हर राहू दे."

तिला हसू आलं, डोळे भरले तरी. पडद्यावर एक सफरचंद नाहीसं झालं. सहा राहिली. हिरव्या टोपीतला कुणी नवखा आला, झोन्दासमोर क्षणभर थांबला, आपलं सफरचंद त्या मोकळ्या चौकोनात ठेवून किल्ल्याकडे गेला. लाकडी दांडकं घेऊन. तो आत दहा पावलंही टिकणार नव्हता.

रोकेने भांड्यात पाणी ओतलं.

"पुढच्या रविवारी," मारिएल म्हणाली, "चार वाजता. सगळ्यांना कळव, टकल्या. जग पुसायचं. पुलावरचाही काढायचा, आणि त्याचं नाव गास्तोनसाठी मोकळं ठेवायचं."