तिसऱ्या पदकाचा काठ

"संच हातात आला की एकूण एक पदकाचा काठ वाचायचा. पहिल्यावर भाळून बाकीच्यांवर सही ठोकायची नाही," असं मावशीने तिला शंभरदा बजावलं होतं. मावशीने तीस वर्षं जुनी लष्करी पदकं जमवली, अभ्यासली आणि अखेर भिंगासकट सगळा पसारा भाचीच्या पदरात टाकला. भाची म्हणायची, "हो गं मावशी, मी काय कालची आहे का?" आणि त्या बजावण्याकडे खुशाल कानाडोळा करायची.

नाण्याला जिथे खाचा असतात, तिथे पदकाच्या काठावर सैनिकाचा क्रमांक आणि नाव कोरलेलं असतं. पुढची बाजू सगळ्यांची सारखीच. माणूस काय तो काठावर सापडतो. पण त्या दिवशी चौदा महिन्यांची चिमणी तापाने फणफणलेली. लेक कडेवर, औषधाचं झाकण दातांत आणि टेबलावर तोफची आजोबांची चार पदकं. आजोबा तरुणपणी तोफेवर होते, म्हणून सगळी गल्ली त्यांना त्याच नावाने ओळखे. वस्तुसंग्रहालयाच्या नव्या दालनात त्यांचा संच मांडायचा होता आणि तो अस्सल आहे असं पत्र हिने द्यायचं होतं. पदकं कापडी पट्टीवर एकावर एक चढवून शिवलेली. मधल्यांचे काठ वाचायचे तर पट्टी चांगली वाकवावी लागते. तिने पहिला काठ वाचला, शेवटचा अर्धामुर्धा पाहिला आणि लिहून टाकलं, 'चारही पदकं याच गृहस्थांची.'

आठवड्याने संग्रहालयाच्या व्यवस्थापकांनी भर बैठकीत पट्टी वाकवली. तिसऱ्या पदकावर भलत्याच माणसाचं नाव!

"जुळवलेला संच," ते एवढंच म्हणाले. पदकांच्या दुनियेत ही शिवीच. बाजारातून चार वस्तू उचलायच्या, पट्टीवर शिवायच्या आणि छाती पुढे काढून फिरायचं, असा तिचा अर्थ. एक पदक विकतचं, तर बाकीची तरी कशावरून खरी? आजोबा समोरच बसले होते. ते उठले, काठी घेतली आणि चालते झाले.

दुसऱ्या दिवशी ती पट्टी घेऊन त्यांच्या दाराशी गेली. दार आतून बंद.

"आजोबा, मी आलेय. चूक माझी आहे."

"तुझी चूक कागदावरची. खोडशील, पुन्हा लिहिशील. नाव माझं गेलं. पट्टी घेऊन जा, चोराच्या घरी ठेवू नकोस."

घरी नवऱ्याने तिचं तोंड पाहून पाण्याचा पेला पुढे केला. "आता रडून काय होणार?"

"रडत नाहीये. विचार करतेय."

"तुझा विचार करतानाचा चेहराही असाच असतो, मला कसं कळणार?"

विचार मात्र ती पक्का करत होती. चिमणी काही गिळेल या धास्तीने रोज तीनदा टाचण्या मोजणारी बाई ती. पदकांच्या बाबतीत एकदा तिला डुलकी लागली होती, पण आता ती टक्क जागी झाली. बाजारात पदकांचा खच पडलेला असतो. जुळवलेल्या संचात कुठल्या तरी पलटणीचं कुठलंही पदक येतं. हे तिसरं कुठून आलं?

ती चिमणीला घेऊन दफ्तरखान्यात गेली. कारकुनाने तोफखान्याची नोंदवही आपटली. "बाई, ही तुमच्या बाळापेक्षा जड आहे. दोन्ही एकदम उचलू नका."

काठावरचा क्रमांक बाराव्या पानावर मिळाला. तो माणूस आजोबांच्याच तोफेवरचा! सहा जणांच्या यादीत आजोबांच्या खालोखाल त्याचं नाव. तिच्या मनात लख्ख उजेड पडला. विकत घेणाऱ्याला नेमकं सोबत्याचं पदक मिळायला नशीब किती मोठं लागेल!

ती तडक आजोबांच्या दाराशी. "आजोबा, दार नका उघडू. फक्त सांगा, पट्टीवर पदकं शिवली कोणी?"

आतून आधी खोकला आला. मग, "छावणीतल्या शिंप्याने. मोठं संचलन होतं. आम्ही सहाही जणांनी पदकं एकाच डब्यात घालून दिली."

"आणि परत मिळाल्यावर काठ वाचलात?"

"स्वतःचं नाव कोण वाचतं गं? पाठ होतं मला."

तिला हसू फुटलं.

नोंदवहीतला तो सोबती केव्हाच वारला होता. पत्त्यावरून माग काढत ती पोचली शेजारच्या शहरातल्या चष्म्यांच्या दुकानात. दुकान त्याची मुलगी चालवत होती. भिंतीवर काचेच्या चौकटीत चार पदकं. चौकटीतले काठ दिसतील कसे?

"ताई, ही चौकट उघडावी लागेल."

"बाबा असते तर आधी तुमच्या हातावर फटका बसला असता," ताई म्हणाल्या. पण सगळं ऐकल्यावर त्यांनीच पेचकस काढला, चष्म्याचा, इवलासा. मागचे खिळे त्याला दाद देईनात, तेव्हा पक्कड आली. ताईंनी तिसरं पदक दिव्याखाली धरलं आणि अंक एकेक करून मोठ्याने वाचले. ते आजोबांचे होते. त्यापुढे आजोबांचं नाव, जसंच्या तसं.

संध्याकाळी दोघी मिळून आजोबांच्या दाराशी. ताईंनी आपल्या बाबांचं नाव घेतलं. कडी वाजली. दाढी वाढलेली, अंगावरचा सदरा सैल झालेला. अकरा दिवस आजोबा चहा-बिस्किटांवर होते.

"त्याची मुलगी? नाक त्याचंच आहे," ते म्हणाले. मग ताईंनी आणलेल्या पदकाचा काठ भिंगातून वाचला, स्वतःचं नाव, आयुष्यात पहिल्यांदा. "तुझं तुला, माझं मला. आणि ते व्यवस्थापक आहेत ना, त्यांना म्हणावं, स्वतः या."

व्यवस्थापक आले. भर बैठकीत बोललेलं भर बैठकीत मागे घेतलं. तिनेही नवं पत्र लिहिलं, त्यात आपली चूक पहिल्याच ओळीत.

पण ते अकरा दिवस तिच्या मनातून जात नाहीत. शेजाऱ्यांना वाटलं, आजोबा गावाला गेलेत. व्यवस्थापकांना वाटलं, शरमलेत. जो तो समजत होता, दुसरं कोणीतरी चौकशी करत असेल. तेव्हा तुम्हीही जरा आठवून बघा. तुमच्या जिन्यात, गल्लीत, नात्यात कोणाबद्दल वेडंवाकडं बोललं गेलं आणि तेव्हापासून तो माणूस दिसला नाही, असं कोणी आहे का? असेल तर आजच जाऊन या. आतून "जा" असं आलं, तरी थोडं थांबा.