अंगठ्याच्या आधी

याला खेळणं म्हणणाऱ्या माणसाशी मी आता वाद घालत नाही, पण चीड यायची ती येतेच. रविवारी पहाटे भद्रावतीच्या आमच्या कॉलनीतून गाडी काढताना मागच्या सीटवरचे पंख पाहून कुणीतरी हमखास विचारतं, ‘काय नागसेनभाऊ, नातवासाठी काय?’ मला नातू नाही. असता तरी त्याला मी या विमानाला हात लावू दिला नसता.

रिमोटवर विमान उडवणं वेगळं आणि अचूक कसरतींच्या स्पर्धेत उतरणं वेगळं. इथे वेगाला किंमत नाही, आवाजाला नाही. ठरलेल्या कसरती ठरलेल्या क्रमाने करायच्या. वारा कुठूनही येवो, लूप बांगडीसारखा गोलच दिसला पाहिजे आणि रेषा सरळच राहिली पाहिजे. समोर खुर्च्या टाकून पंच बसलेले असतात आणि प्रत्येक कसरतीला दहापैकी गुण देतात. पंख जरासा कलला की गुण गेला.

माणूस या नादाला का लागतो, हे मला विचाराल तर सांगतो. अख्खी नोकरी मी दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की बसायचं. साहेब म्हणाले इकडे, की इकडे, युनियनवाले म्हणाले तिकडे, की तिकडे. शिक्षण काय घ्यायचं हे बापाने ठरवलं, लग्न मोठ्या भावाने. आणि मग एके दिवशी एक वस्तू हातात आली, जी दूर आभाळात, मध्ये दोरी नाही, तार नाही, तरी माझा अंगठा सांगेल तिकडे वळते. त्यात पुन्हा पंच फक्त रेषा बघतो, आडनाव बघत नाही. मला आणखी काय पाहिजे होतं?

कारखान्याच्या आसपास असलं काही उडवायला मनाई आहे, म्हणून आम्ही सावली गावाच्या पुढे, वैनगंगेच्या काठच्या गायरानावर जातो. आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको सरिता. विमान हवेत असताना उडवणाऱ्याला त्याच्यावरून नजर काढता येत नाही. क्षणभर डोळा हटला तर ते पोटाकडून दिसतंय की पाठीकडून, हेच कळेनासं होतं. त्यामुळे त्याच्या खांद्यामागे एक माणूस उभा राहून पुढची कसरत सांगत असतो. माझ्यामागे सरिता उभी राहते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिचा आवाज कधी चढत नाही, आणि कागद तर तिला केव्हाच लागेनासा झाला आहे. पहिल्या वर्षी मी ट्रान्समीटर, म्हणजे विमानाचा रिमोट, तिच्या हातात द्यायला गेलो तेव्हा तिने हात मागे घेतले होते.

‘मले काय कराचं हाय त्या डब्याचं,’ ती हसून म्हणाली होती. ‘माह्याकडं तुमी आहा ना.’

हे बोलणं मी चार लोकांना कौतुकाने सांगितलं. बायको असावी तर अशी, असंच मला वाटत असे. फार बोलणारी ती नाहीच. गाडीत खिडकीबाहेर बघत बसते. वाटेत मूल गावच्या चौकात चहाला थांबायचं असं ठरवून मी निघतो आणि चौक मागे पडल्यावर माझ्या लक्षात येतं की मी थांबलोच नाही. वय झालं, विसरायला होतं, असं म्हणून मी ते सोडून देत आलो.

यंदाची स्पर्धा धान कापून झाल्यावर याच गायरानावर ठेवली होती. पहिला येईल तो देशपातळीवर जाणार होता. वैनगंगेच्या दोन्ही काठच्या जिल्ह्यांतून आजवर कुणी गेलेलं नव्हतं आणि मला जायचं होतं, यात लपवण्यासारखं काही नाही. सकाळच्या फेरीत माझं विमान असं उडालं की बघायला आलेले गुराखीही गुरं विसरले. पंचांनी जवळजवळ पूर्ण गुण दिले. मी घाम पुसत होतो, तेवढ्यात प्रवीण आला. हा गोंडपिपरीचा औषधदुकानदार, कायम माझ्या मागचा नंबर. त्याच्याबरोबर मुख्य पंच गुणवंतराव होते आणि प्रवीणच्या हातात फोन होता.

‘भाऊ, राग नोका मानू,’ प्रवीण म्हणाला, ‘पण तुमचं विमान तुमी नाई उडवून राह्यले.’

त्याने बाजूने चित्रण केलं होतं. अलीकडे माझे हात, पलीकडे आभाळात विमान. ते संथ करून त्याने आमच्यापुढे धरलं. आधी विमानाचा पंख कलला, मग माझा उजवा अंगठा सरकला. फरक फार नव्हता, पापणी लवण्याएवढा असेल. पण प्रत्येक कसरतीत तो तेवढाच होता आणि प्रत्येक वेळी अंगठाच मागे होता.

‘आत जायरो बसवला असन,’ प्रवीण म्हणाला. जायरो म्हणजे विमानाला आपोआप सरळ ठेवणारी एक इवलीशी डबी. तिला स्पर्धेत बंदी आहे, आणि ती लावून उडवणं म्हणजे दुसऱ्याकडून पेपर लिहून घेणं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्यातल्या कुणी सरळ रेषा ओढली की लोक आधी पट्टी शोधायला लागतात. शाळेत पहिला नंबर आला तेव्हा मास्तरांनी माझी पाटी उलटून पाहिली होती, बढती मिळाली तेव्हा कुणाचा वशिला म्हणून विचारलं होतं, आणि आता इथेही, जिथे फक्त रेषा बघायची असते तिथेही, माझी झडती. मी स्वतः स्क्रू काढले, वरचं झाकण उचललं, बॅटरी, वायरी, मोटर, सगळं चटईवर मांडलं. गुणवंतरावांनी चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून पाहिलं. जायरो नव्हता.

‘अजून काई खोलाचं असन त माहं पोट खोला,’ मी म्हणालो.

‘नागसेनभाऊ, असं नोका बोलू,’ गुणवंतराव म्हणाले. ‘अजून एक डाव उडवा. मी जवळ उभा राह्यतो. प्रवीण फोन धरन. काई नाई निंगालं, त नंबर तुमचाच.’

रागारागातच मी विमान पुन्हा जोडलं. सरिता पाण्याची बाटली घेऊन आली. तिला मी काही सांगितलं नाही, पण माझा निश्चय झाला होता. चार थांब्यांच्या रोलमध्ये विमान पुढे जाता जाता स्वतःभोवती पाव पाव वळण घेऊन चारदा थांबतं आणि चौथ्या थांब्याला सरळ होतं. मी तिसऱ्यालाच ते अडवणार होतो, पंखावर आडवं, तसंच पुढे काढणार होतो. गुण गेला तर जावो. रेषा माझी आहे यावर यांचा विश्वास नसेल, तर चूक तरी माझीच आहे हे दिसू दे.

विमान वर गेलं. गुणवंतराव माझ्या डाव्या हाताला, प्रवीण उजव्या बाजूला जरा दूर, सरिता खांद्यामागे. पहिल्या दोन कसरती झाल्या.

‘चार थांब्यांचा रोल,’ सरिता मागून म्हणाली.

एक. दोन. तीन. विमान पंखावर उभं राहिलं आणि मी अंगठा जागच्या जागी दाबून धरला, इतका की नख पांढरं पडलं असेल.

‘चार,’ ती म्हणाली.

विमान सरळ झालं. स्वच्छ, पट्टीने आखल्यासारखं. मग माझा अंगठा सरकला. मी तो सरकवला नव्हता.

पुढच्या कसरती कशा झाल्या ते मला सांगता येणार नाही. विमान उतरलं, माझ्या पायांपुढे येऊन थांबलं. गुणवंतरावांनी पाठीवर हात ठेवला. ते म्हणाले की डोळ्याला काही दिसलं नाही, आत काही सापडलं नाही, आणि त्या रोलला त्यांनी दहा दिले आहेत. प्रवीणचा चेहरा पडला होता.

‘चुकलं माह्यं, भाऊ,’ तो म्हणाला.

देशपातळीवर मी जाणार होतो. मला आनंद व्हायला हवा होता. मी प्रवीणकडे फोन मागितला आणि पंचांच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसलो. सगळ्यांनी आतापर्यंत माझे हात बघितले होते, मीही तेच बघितले होते. या वेळी मी चित्राच्या कडेला पाहिलं. तिथे सरिता उभी होती, नजर वर, चेहरा नेहमीसारखा शांत. दोन्ही हात तिने पोटापाशी धरले होते, मध्ये एखादी वस्तू असावी तेवढं अंतर ठेवून. हातांत काही नव्हतं. अंगठे मात्र हलत होते. आधी तिचा अंगठा सरकत होता, मग विमान वळत होतं, आणि मग माझा अंगठा.

आयुष्यभर ज्याच्यापासून पळून मी या मैदानावर आलो, ते माझ्या खांद्यामागे उभं होतं आणि मीच त्याला दर रविवारी गाडीत बसवून आणत होतो. मी ठरवलं की या खुर्चीवरून हलायचं नाही. इथेच, सगळ्यांच्या देखत तिला विचारायचं, आणि उत्तर मिळेपर्यंत उठायचं नाही.

सरिता समोरच उभ्या असलेल्या आमच्या गाडीत जाऊन बसली होती. दार उघडं होतं, हात मांडीवर होते. तिने माझ्याकडे पाहिलं.

‘चला,’ ती म्हणाली. ‘ऊन चढून राह्यलं.’

मी तोंड उघडलं. तिने मांडीवरचा उजवा अंगठा जरासा पुढे सरकवला.

मी उठलो.